'झालं गेलं विसरा' म्हणजे नक्की काय विसरायचं?

प्रश्न : ताई, ९३ च्या जानेवारीत मुंबई सोडून मुंब्र्याला आलो तेव्हा मी नववीत होते. अब्बांचं टेलरिंगचं दुकान जाळलं, गल्लीतलीच पोरं होती. नंतर अब्बा एकदाच गेले आणि जळलेल्या मशीनचं लोखंडी चाक तेवढं घेऊन आले, ते अजून माळ्यावर आहे. आता त्यातलाच एकजण, हल्ली ऐरोलीला असतो, कुठून तरी नंबर मिळवून मेसेज करतोय की झालं गेलं विसरा, माफ करा, ठाण्याच्या तलावपाळीला एकदा भेटू. भाऊ म्हणतो ब्लॉक कर. मला झोप लागत नाहीये.
– एक वाचक, मुंब्रा

उत्तर : ब्लॉक केलंत तरी चालेल, माफ करायची सक्ती कोणाचीच नाहीये तुमच्यावर. पण मला ते 'झालं गेलं' खटकलं. काय झालं ते तो लिहीतच नाहीये ना! ९२-९३ च्या मुंबईच्या दंगलीत ९०० माणसं गेली हे तिची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने लिहून ठेवलंय, पण तुमच्या दुकानाला काडी कोणी लावली ते त्या पोरांनाच माहीत.

रवांडात १९९४ ला शंभर दिवसांत तुत्सी जमातीचे लाखो लोक मारले, मारणारे बरेचसे शेजारीच. तुरुंगात इतके लोक झाले की नेहमीच्या कोर्टात केस चालवायला पिढ्या गेल्या असत्या, म्हणून गावोगावी गचाचा बसवले, म्हणजे उघड्यावर गवतात बसलेलं गाव आणि गावानेच निवडलेले जज. २०१२ ला बंद होईपर्यंत १९ लाखांवर केसेस. तिथे शिक्षा कमी करून हवी तर नुसतं सॉरी चालायचं नाही, कोणाला मारलं, सोबत कोण होतं, प्रेत कुठे टाकलं, सगळ्यांसमोर बोलायला लागायचं. घरच्यांना कित्येकदा तेवढंच हवं असायचं, हाडं कुठे आहेत. अर्थात अर्धवट कबुली देऊन सुटणारेही निघाले, साक्ष देणाऱ्यांना धमक्याही आल्या, फार गोड गोष्ट नाहीये ती. साउथ आफ्रिकेत तर वर्णभेदाच्या काळातला राजकीय गुन्हा असेल आणि सगळं खरं सांगितलं तर सुटका, पश्चात्तापाची अटच नव्हती, पोलीस कोठडीत मारल्या गेलेल्या स्टीव्ह बिको या वर्णभेदविरोधी नेत्याच्या घरचे त्याविरुद्ध कोर्टात गेले आणि हरले.

म्हणून त्याला एवढंच लिहा, भेटायचं नंतर बघू, आधी त्या दिवशी काय केलंस ते लिहून पाठव, रॉकेल कोणी आणलं इथपासून. नाहीच लिहिलं तर मग भावाचं ऐका. लिहिलं तर अब्बांना वाचून दाखवा, ते आहेत ना अजून? तुम्ही लिहिलं नाहीये. दुकान त्यांचं होतं, माफ करायचं की नाही तेही त्यांनाच ठरवू द्या. आणि भेटलातच तर तलावपाळी नको बाई, संध्याकाळी त्या गर्दीत धड उभं राहता येत नाही, असं काही बोलणार कुठून.