राणीच्या बागेत नवीन प्राणी येईपर्यंत मुलांना न्यायला थांबावं का?

तुम्ही विचारलंय की मुंबईतल्या राणीच्या बागेचा विस्तार होतोय, जिराफ-झेब्रे येणार म्हणतात, तर पाच आणि आठ वर्षांच्या मुलांना आत्ता न्यावं की नवीन प्राणी आल्यावर. पण खाली एक ओळ जोडलीत, ‘मागच्या वेळी वाघ दिसलाच नाही, पैसे फुकट गेले’. त्या ओळीमुळे लिहायला बसले. आमच्या घरात याच वाक्यावरून आजही धुसफूस होते.

माझे बाबा राणीच्या बागेत माळी होते. आम्ही चिंचपोकळीला राहायचो. ते संध्याकाळी घरी आले की पँटच्या दुमडीतून बांबूची वाळलेली पानं पडायची आणि आई केरसुणी घेऊन मागे मागे फिरायची. त्यांनी गोरखचिंच आणि उर्वशीची झाडं सांभाळली, आणि पिंजऱ्यांच्या कडेला बांबूही लावला. जनावराला आधी पाणी, मग आडोसा, खाणं तिसरं, असं ते म्हणायचे. जुने पिंजरे त्यांनी पाहिले होते. लोखंडी गज, खाली सिमेंट, लपायला जागा नाही, जनावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं येरझाऱ्या घालतंय आणि बाहेरून शेंगा फेकल्या जातायत.

२०२० मध्ये औरंगाबादहून शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी आली, २०२१ च्या नोव्हेंबरात त्यांना वीरा ही बछडी झाली. २०२२ च्या मे महिन्यात ताई, भावोजी, त्यांच्या दोन मुली, बाबा आणि मी असे सगळे वीराला बघायला गेलो. ऊन मी म्हणत होतं, गर्दी इतकी की काचेपर्यंत पोचायलाच अर्धा तास लागला. वीरा दिसली नाही. बांबूच्या मागे एक मोठा वाघ पाठ करून झोपला होता. बाबांनी धाकटीला खाली बसवलं, तिची मान थोडी वळवली आणि म्हणाले, "तो कान बघ." काळा कान, त्यावर मागच्या बाजूने पांढरा ठिपका. माशी बसली की कान हलायचा आणि ठिपका हलायचा. पोरगी श्वास रोखून बघत होती.

तेवढ्यात भावोजींनी काचेवर हात मारायला सुरुवात केली. बोटात अंगठी, त्यामुळे टणटण आवाज. दोनदा, तीनदा. कान मागे वळला, वाघ उठला आणि आमच्याकडे न बघता आत निघून गेला. सुरक्षारक्षकाने शिट्टी मारली. बाबा एवढंच म्हणाले, "राहू द्या जावईबापू, झोपलंय ते." त्यावर उत्तर आलं, "शंभर रुपये मोजलेत बाबा, झोपलेला वाघ बघायला?" पुढे बाबा काही बोलले नाहीत. जावयाला काय बोलणार. परत येताना टॅक्सीत सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होते. २०२३ च्या पावसाळ्यात बाबा गेले. मी त्या दिवशी तोंड उघडायला हवं होतं, ते राहून गेलं.

तेव्हा आता सांगते. तिकीट बागेत शिरायचं असतं, वाघाने तोंड दाखवायचं नसतं. मे महिन्याच्या दुपारी कुठलाही वाघ सावलीत झोपणारच. तो तुम्हाला दिसला नाही याचा अर्थ त्याला लपायला जागा आहे, आणि मी तरी बाग चांगली की वाईट ते यावरूनच ठरवते. किती जाती आणल्या हा आकडा मला सांगू नका.

नवीन प्राण्यांचं म्हणाल तर, शेजारच्या गिरणीच्या जागेवर बाग वाढवायची आणि तिथे जिराफ, झेब्रे, जॅग्वार ठेवायचे, हे आम्ही कित्येक वर्षं ऐकतोय. पण प्राणी दुकानातून आणता येत नाही. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची परवानगी लागते, बऱ्याचदा बदल्यात आपला प्राणी द्यावा लागतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला २०२२ मध्ये जुनागढचे सिंह मिळाले ते वाघ देऊन. आल्यावर विलगीकरण, मग नवीन हवेची, नवीन माणसांची सवय. राणीच्या बागेतले पेंग्विन २०१६ च्या जुलैत दक्षिण कोरियातल्या सोलहून आले, लोकांना दिसले २०१७ च्या मार्चमध्ये, आणि आठांपैकी एक त्याआधीच दगावला. (ते बर्फातले नव्हेत, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे आहेत, हे मुलांना नक्की सांगा.) त्यामुळे जिराफासाठी थांबलात तर मुलं कॉलेजात जातील.

आणि वाढ म्हणजे झाडं तोडून पिंजरे असं होणार असेल तर माझा विरोध आहे. २००७ च्या सुमारास परदेशी धर्तीचा आराखडा आला होता तेव्हा मुंबईकर या झाडांसाठी उभे राहिले. ही बाग १८६२ पासूनची आहे, आणि ‘वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय’ या तिच्या नावात ‘वनस्पती उद्यान’ आधी येतं, ‘प्राणिसंग्रहालय’ नंतर. बाबा हे नाव नेहमी पूर्ण म्हणायचे.

मी प्राणितज्ज्ञ नाही, हेही सांगायला हवं. नवीन पिंजरे जुन्यांपेक्षा कितीतरी मोकळे आहेत, हे बाबांनीही मान्य केलं होतं. तिकीट ५ रुपयांचं ५० झालं तेव्हा ओरडणाऱ्यांत मीही होते, पण स्वच्छता सुधारली हे खरं. जागा पुरेशी असेल तर जिराफ आले तरी माझी हरकत नाही.

तर थांबू नका, हिवाळ्यात न्या. बुधवारी बंद असते. सकाळी उघडल्या उघडल्या शिरा, आधी पेंग्विन उरका कारण नंतर रांग लागते. मग एकच पिंजरा निवडा आणि मुलांना तिथे अर्धा तास बसवा. काचेवर हात मारू देऊ नका, आणि कुणी मोठा माणूस मारत असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवा, मग तो घरचा जावई का असेना.

भावोजी अजून म्हणतात, त्या दिवशी वाघ दिसला नाही. धाकटी आता वाघाचं चित्र काढते ते पाठमोरं. कान काळा रंगवते आणि मधे कागदाचा पांढरा ठिपका सोडते.