एप्रिलात आंब्याचं कलम वाळतं, त्याचं काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न असा: नाशकात इंदिरानगरच्या गच्चीवर कुंडीत कोयीपासून आलेलं दीड वर्षाचं आंब्याचं रोप आहे, त्यावर एप्रिलमध्ये केसरची काडी तीनदा बांधली आणि तिन्ही वेळा आठ दिवसांत ती काळी पडली. हाताला गुण नाही का, असं विचारलंत. आणि जाता जाता हेही, की व्हिडिओत दाखवतात तसा जांभळावर आंबा लागतो का.

आधी जांभळाचं मिटवतो. नाही लागत. आंब्यावर आंबा, लिंबाच्या जंबेरी जातीच्या खुंटावर (खुंट म्हणजे खालचं, मुळांवरचं रोप) संत्रं-मोसंबी, रानबोरीवर उमराण जातीचं बोर, खिरणीवर चिकू, इथपर्यंत नातं जुळतं. जांभूळ आणि आंबा ही घराणीच वेगळी. तसल्या व्हिडिओत फांदी नुसती खोचलेली असते, चार दिवसांनी कोणी कॅमेरा घेऊन परत जात नाही.

आता केसर. तुमचा काप फोटोत सरळ दिसतोय, चुकला तो महिना. कापलेल्या काडीला मूळ नसतं. जोड बसून खुंटाचं पाणी वर चढेपर्यंत दोन-तीन आठवडे ती स्वतःच्या अंगातल्या ओलीवर काढते. आपल्याकडचं एप्रिलचं कोरडं वारं आणि खाली तापलेला स्लॅब ती ओल चार दिवसांत शोषून घेतो. कोकणात कोय कलमं, म्हणजे नुकत्याच रुजलेल्या कोयीच्या रोपावरची कलमं, जून-जुलैत बांधतात, कारण तेव्हा हवाच दमट असते. नाशकात पाऊस नीट लागल्यावर, म्हणजे जूनअखेर ते ऑगस्ट, एवढाच काळ घरच्या माणसाने धरावा.

दुसरी गोष्ट काडीची, आणि माझ्या मते निम्मं कलम इथेच ठरतं. फळ देणाऱ्या झाडाची, तीन-चार महिने वयाची, पेन्सिलीएवढी जाड शेंड्याची काडी निवडायची. ती लगेच कापायची नाही. झाडावरच तिची पानं छाटायची, देठाचे तुकडे तेवढे ठेवायचे आणि आठ-दहा दिवस थांबायचं. मग बोटाने देठ हलवून बघा. नुसत्या स्पर्शाने गळून पडला आणि शेंड्याचा डोळा (जिथून कोंब फुटतो तो फुगवटा) टपोरा झाला असला, पण फुटलेला नसला, की काडी तयार. तुम्ही पानं त्याच दिवशी काढलीत, म्हणजे झोपलेल्या डोळ्याला खेचून उठवायला गेलात. काडी कापल्यावर ओल्या फडक्यात गुंडाळा आणि त्याच दिवशी वापरा.

बांधणी पाचर कलमाचीच ठेवा. खुंटाचा शेंडा उडवून मधोमध तीन-चार सेंटिमीटर चीर द्यायची, खाली चार-सहा पानं राहू द्यायची. काडीला दोन्ही बाजूंनी तेवढीच लांब पाचर, एका ओढीत. दाढीचं नवं ब्लेड चालतं, स्पिरिटने पुसून घ्या. सालीच्या लगेच आत जो हिरवट निसरडा थर असतो, जुळायचा तो. काडी बारीक असेल तर मधोमध बसवू नका, एका कडेची साल सालीला भिडवा. मग प्लास्टिकची पट्टी खालून वर घट्ट, आणि वरून पेप्सीकोल्याची लांबट पिशवी टोपीसारखी घालून तळाशी दोरा. कुंडी सावलीत.

यानंतर हात बांधून बसायचं, आणि हे मला दोन वर्षं जमलं नाही. रोज सकाळी पिशवी वर करून बघायचो, जरा पट्टी सैल करून ‘आत काय चाललंय’ पाहायचो. सहाच्या सहा कलमं गेली. बायको म्हणाली, भाताच्या कुकरचं झाकण तरी उघडता का असं? सातवं कलम केलं आणि गावी जावं लागलं, तेच जगलं. कोंब पिशवीला टेकला की पिशवी काढा. पट्टी दोन-तीन महिन्यांनी, पण विसरू मात्र नका. एका नर्सरीतून आणलेलं माझं कलम पट्टी सालीत रुतून जोडावरच मोडलं होतं. जोडाखालून येणारे फुटवे दिसताक्षणी खुडायचे, नाहीतर केसर मागे पडून देशी आंबाच माजतो.

सरावासाठी मात्र आंबा धरू नका, गुलाब धरा. एकेकाळी गुलशनाबाद म्हणवून घेतलेलं नाशिक आपलं, डिसेंबर-जानेवारीत डोळा भरायला, म्हणजे काडीऐवजी नुसता एक डोळा खुंटावर बसवायला, हवाही छान. दोन दिवस आधी खुंटाला भरपूर पाणी द्या म्हणजे साल सहज सुटते. फूल नुकतं झडलेल्या काडीच्या मधल्या भागातला डोळा घ्या, तिथला काटा कडेला दाबल्यावर स्वच्छ तुटला पाहिजे. ढालीसारखा दोनेक सेंटिमीटरचा तुकडा, पानाच्या देठाचा थोडा भाग ठेवून, ‘टी’ आकाराच्या चिरेत सरकवायचा. बांधताना डोळा उघडा ठेवा. दहा दिवसांनी ते देठ पिवळं होऊन टिचकीसरशी पडलं तर डोळा लागला. काळं, सुकून चिकटून बसलं तर गेला. सात पानांचा फुटवा जंगली, पाचाचा चांगला, असं लोक सांगतात, त्यावर जाऊ नका. फुटवा जोडाच्या वरून निघालाय की खालून, तेवढंच बघा.

जमलं तर ऑगस्ट-सप्टेंबरात दिंडोरी किंवा पिंपळगावकडे कुणाच्या द्राक्षबागेत डॉगरीज या द्राक्षाच्या खुंटावर कलम बांधणाऱ्यांजवळ तासभर उभ्या राहा. पाचर हीच. त्यांचा अंगठा बघा, ब्लेड जागेवर आणि काडी ओढली जाते. आपण घरी उलटं करतो, म्हणून काप लाटेसारखा येतो.

तुमचं रोप या पावसाळ्यापर्यंत पेन्सिलीएवढं जाड होईल. माझ्या केसरच्या चार काड्या तुमच्या. फक्त कलम बांधायचा दिवस दहा दिवस आधी कळवा, पानं छाटून ठेवतो.