इकोआधी रक्ताची तपासणी कशासाठी?

नाशिकरोडला राहणाऱ्या आपल्या वडिलांना जिना चढताना धाप लागते, संध्याकाळी घोट्यावर मोज्याची खूण रुतलेली दिसते, तरी डॉक्टरांनी थेट इको (हृदयाची सोनोग्राफी) न करता आधी ईसीजी व रक्तातील एनटी-प्रोबीएनपी या घटकाची तपासणी का सांगितली, असे आपण विचारले आहे. हृदयाच्या भिंतींवर ताण आला की हा घटक रक्तात वाढतो; तातडीची स्थिती नसताना तो १२५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी आणि ईसीजीही नॉर्मल असेल, तर हार्ट फेल्युअरची (हृदय पुरेसे रक्त पंप करू न शकण्याची) शक्यता बरीच कमी होते व कारण फुप्फुसांत किंवा ॲनिमियात शोधता येते. वाढलेला आकडा म्हणजे मात्र निदान नव्हे, कारण उतारवयात आणि मूत्रपिंडाच्या विकारातही तो चढतो, तर स्थूल व्यक्तींत फसवा कमी येतो. आडवे होताच श्वास कोंडत असेल, तर रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.