खाकरण्याचं स्पेलिंग

प्रश्न : इंग्रजी कथांमध्ये माणसं मध्येच ‘अहेम’ करतात, कुणी ‘हरम्फ’ करतं. हे वाचायचं कसं? आणि ऑफिसच्या ई-मेलमध्ये लिहिलं तर चालतं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी माझी फजिती सांगते. माझ्या पहिल्याच अनुवादात एक नोकर दाराशी येऊन ‘अहेम’ करतो. तिथे मी बेधडक ‘अंहं’ लिहिलं. मुद्रितं तपासणाऱ्या काकांनी समासात पेन्सिलीनं विचारलं, ‘हा नाही कशाला म्हणतोय? अजून कुणी काही विचारलंच नाहीये.’ मुकाट्यानं ‘नोकर खाकरला’ केलं.

मुळात हा शब्द नव्हेच, घशातला आवाज. त्याचं जुनं रूप नुसतं ‘हेम’, एच-ई-एम. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’मध्ये बायकोवर संशय घेणारा ऑथेल्लो तिच्या दासीला, एमिलियाला, दार लावून बाहेर जायला सांगतो, वर म्हणतो, कुणी आलं तर खोक किंवा ‘हेम’ कर. म्हणजे बाहेरच्यानं आतल्यांना द्यायची खूण. आमच्या वाड्यात आजोबा ओसरीवरून माजघरात येताना खाकरायचे, तेही ह्याच जातीचं. फक्त पहारेकरी आणि येणारा एकच!

पुढे लोक आवाजाऐवजी अक्षरंच वाचू लागले. त्यामुळे आज इंग्रज माणूस थट्टेत चक्क ‘अहेम’ असा शब्द उच्चारतो, जोर ‘हे’वर. गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवत असाल तर सरळ घसा खाकरा. थट्टा असेल तर शब्द म्हणा. (ब्रिटिश लेखक अडखळणं दाखवायला ई-आर लिहितात, तेही असंच फसवं. त्यांच्या लेखी तो नुसता ‘अऽ’. त्यातला ‘र’ बहुतेक इंग्रज उच्चारत नाहीत. आपली मुलं वाचतात ‘अर्र’, आणि बिचाऱ्या पात्राचं काहीतरी सांडलंय असं वाटतं.)

खरी गंमत आहे ती वाक्याच्या पोटातल्या ‘अहेम’ची. ‘साहेब, अहेम, कामासाठी गोव्याला गेलेत.’ दोन स्वल्पविरामांच्या मध्ये बसवलेलं हे खाकरणं पुढच्या शब्दाला डोळा मारतं. इथे ‘खाकरून’ लिहिलंत तर वाक्य मेलंच. मराठीत ह्या कामाला आपल्याकडे ‘म्हणे’ आहे : ‘साहेब कामासाठी म्हणे गोव्याला गेलेत.’ इंग्रज खाकरतो त्या जागी आपण जबाबदारी तिसऱ्याच्या गळ्यात टाकतो. मला विचाराल तर आपलं जास्त बेरकी आहे.

‘हरम्फ’ मात्र निराळं. त्यात नाराजी असते, आणि पुष्कळदा मोठेपणाची ऐट. त्याचं आता सर्रास क्रियापद झालंय. मी बहुतेक वेळा ‘गुरगुरले’ लिहिते, कधी ‘नाक मुरडलं’. ‘हम अँड हॉ’ दिसलं (अमेरिकेत ‘हेम अँड हॉ’) तर तिथे कुणाच्या घशाला काही झालेलं नसतं. माणूस नुसता हो-ना करत असतो.

आता ई-मेल. मित्राला ‘पार्टी कधी, अहेम?’ खुशाल लिहा. पण थकलेल्या बिलाची आठवण करताना साहेबांना ‘अहेम’ लिहिलंत, तर तो टोमणाच वाचला जाईल. तिथे बिलाचा नंबर आणि तारीख लिहा.