किट ३२०बीचा, विमान ४३७

प्रश्न : माझ्याकडे बोइंग ७०७-३२०बीचा १:१४४ किट (जोडून बनवायचं छोटं प्लॅस्टिक मॉडेल) आहे. त्यातून एअर इंडियाचं १९६० सालचं पहिलं ७०७ करता येईल का? नुसते डेकल (मॉडेलवर चिकटवायची नावं-चित्रं) बदलले तर चालेल?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : डेकलवर भागणार नाही हो! ते विमान ७०७-४३७, म्हणजे रोल्स-रॉइस कॉनवे इंजिनांचं. कॉनवे इंजिनांची ७०७ एकूण फक्त ३७ बनली. लांबी तुमच्या किटइतकीच, त्यामुळे धडाला हात लावू नका. पंख मात्र खऱ्या विमानात साधारण एक मीटरने आखूड, म्हणजे प्रत्येक टोकाला साडेतीन मिलिमीटर कापा आणि टोक पुन्हा घासून गोल करा.

खरी मेहनत इंजिनांची. किटमधल्या इंजिनांची पुढची फुगीर, फॅनची पिंपं इथे नकोत. कॉनवेमध्ये गाभ्याला वळसा घालणारी हवा आवरणाच्या आतूनच जाते, म्हणून आवरण सलग आणि सडपातळ. मागचं तोंड आवाज कमी करण्यासाठी पाकळ्यापाकळ्यांचं. मी त्या पाकळ्या पातळ प्लॅस्टिक शीटच्या करतो; किचकट आहे, पण बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते.

शेपटीखालचा पर (छोटा उभा पंख) तपासा. ब्रिटिश प्रमाणपत्रासाठी बोइंगला उभी शेपूट उंच करून तो लावावा लागला होता. किटमध्ये नसेल तर शीटमधून कापा, मापं मात्र त्याच विमानाच्या फोटोवरून घ्या.

आणि खिडक्यांभोवती झरोके (महालासारख्या रंगवलेल्या कमानी) काढू नका! ते १९७१च्या जम्बोबरोबर, म्हणजे बोइंग ७४७बरोबर आले.