ओळख नसेल तर ती काढायची कशी

प्रिय मुली,

घरात कुणी शिकलेलं नाही, कुणाची ओळख नाही, मग वकिलीत निभाव कसा लागणार, असं तू विचारलंस. वकिलाच्या मुलीला घरात बसल्या बसल्या जे कानावर पडतं, ते तुला विचारत फिरावं लागणार. हा अन्यायच आहे. पण विचारायची रीत शिकता येते.

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवून दिलं, की ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी बहुतेकांना ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसांमुळे लागली होती. कारण उघड आहे. जवळच्यांना जे ठाऊक, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. तेव्हा काका-मामा न्यायाधीश नसले तरी चालेल, तोंडओळखीची दहा-बारा माणसं जोड.

पहिला निरोप सहा-सात ओळींचा असू दे. तू कोण, त्यांच्याच कामाबद्दल का विचारतेस आणि फोनवर २० मिनिटं मिळतील का, एवढंच. सोयीच्या दोन वेळा सुचव. नोकरी मागू नकोस, बायोडेटा जोडू नकोस. तो दिसला की माणूस "सध्या जागा नाही" म्हणून मोकळा होतो. दहा जणांना लिहिलंस तर निम्म्याहून जास्त गप्प राहतील असं धरूनच चाल. आठवड्याने एकदा आठवण कर, मग सोडून दे.

बोलताना तीन प्रश्न पुरतात. गेल्या मंगळवारी सकाळपासून काय काय काम केलंत? नवीन माणूस पहिल्या वर्षी कुठे चुकतो? आणि शेवटी, आणखी कुणाशी बोलू? "मी काय करू?" असं मोघम विचारलंस तर "भरपूर मेहनत कर" हेच उत्तर मिळेल. २० मिनिटं झाली की आपणच थांबायचं. दुसऱ्या दिवशी आभाराच्या दोन ओळी, आणि दोन महिन्यांनी त्यांच्या सांगण्यावरून काय केलंस ते कळवायचं. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात आणि ओळख तिथेच विरते.

बायोडेटात "अनुभव नाही" असं लिहू नकोस. "दुकानात मदत केली" यातून काहीच कळत नाही. "दोन वर्षं रोज तीन तास गल्ला सांभाळला, उधारीची वही लिहिली, महिनाअखेर हिशेब जुळवला" यातून कामाचा माणूस दिसतो. मुलाखतीतही हाच क्रम ठेव: प्रसंग काय होता, तुझ्यावर कोणती जबाबदारी होती, तू काय केलंस, पुढे काय झालं. "आम्ही केलं" म्हणत राहिलीस तर तुझा वाटा समोरच्याला कळणार नाही.

शिफारसपत्र किमान तीन आठवडे आधी माग आणि सोबत एक पानभर माहिती दे: कोणता विषय, कोणता प्रकल्प, कुठे अर्ज. नाहीतर मोठ्या वर्गाला शिकवणारे शिक्षक "कष्टाळू व प्रामाणिक" लिहून देतात आणि ते कुणालाही लागू पडतं.

पैशांचं बोलायला लाजू नकोस. "मुलाखतीसाठी प्रवासखर्च मिळतो का?", "अर्जाचं शुल्क माफ होतं का?" एकेका ओळीचे प्रश्न आहेत. ही सोय असूनही जाहिरातीत लिहिलेली नसते, असं पुष्कळदा होतं. बिनपगारी इंटर्नशिप आली तर होकाराआधी आठवड्याचे दिवस, तास, एकूण मुदत विचार आणि येण्याजाण्याचा खर्च मांडून बघ. झेपत नसेल तर कमी दिवसांची किंवा घरून करायची मुभा माग. तरीही जमत नसेल तर नाही म्हण. कर्ज काढून फुकट राबायचं नाही.

या रविवारपर्यंत दहा नावांची यादी आणि पहिल्या निरोपाचा मसुदा मला पाठव. मी लाल पेन घेऊन बसते.