शटरिंग प्लायच्या कडा आधी जपा

सातारा जिल्ह्यात, विशेषतः पाटण-महाबळेश्वरकडच्या पावसात, सेंटरिंगचे (काँक्रीट ओतण्यासाठी प्लायचा साचा उभारण्याचे) काम घेणार असाल, तर आयएस ४९९० (शटरिंग प्लायचे भारतीय मानक) चा, फिनॉल फॉर्मल्डिहाइड या पाण्याला टिकणाऱ्या रेझिनने चिकटवलेला प्लायच घ्या. मात्र तेवढ्यावर निर्धास्त राहू नका, कारण पाणी मुख्यतः कापलेल्या कडांतून आणि खिळ्यांच्या छिद्रांतून शिरते. माझ्या एका कामावर १८ मिमीच्या शीटची रंग न लावलेली कड फुगली आणि स्लॅबच्या तळाशी प्रत्येक सांध्यावर तिची रेघ उमटली. तेव्हापासून कापलेल्या कडेला त्याच दिवशी जलरोधक रंगाचे दोन हात दिल्याशिवाय मी शीट वर चढवू देत नाही. साचा खोलताना पहारीऐवजी लाकडी पाचर वापरा, चिकटलेले काँक्रीट लगेच काढा, काँक्रीट चिकटू नये म्हणून शटरिंग ऑइलचा पातळ हात द्या आणि शीट जमिनीपासून उंच, बॅटनवर (लाकडी पट्ट्यांवर) आडव्या रचून ताडपत्रीखाली हवा खेळती ठेवा.